गुलामगिरीच्या आधीची आफ्रिका: त्या लोकांनी नेमकं काय घडवलं होतं?

तुम्ही विचारलंय की गुलामगिरीचं पर्व सुरू व्हायच्या आधी आफ्रिकेतल्या काळ्या लोकांनी खरंच काही मोठं उभं केलं होतं का, कारण शाळेत इजिप्तचे पिरॅमिड झाले की पुस्तक थेट वास्को द गामावर उडी मारायचं आणि मधला अख्खा खंड म्हणजे जंगल, सिंह आणि साखळदंड. आमच्या पुस्तकातही तेच होतं. मी जुने धातू आणि मणी तपासणारा माणूस, राजांच्या वंशावळींपेक्षा भट्टीची मळी (धातू गाळल्यावर उरणारा कचरा), फसलेलं ओतकाम, तुटका मणी हे माझ्या जास्त ओळखीचं, त्यामुळे उत्तरही त्याच अंगानं देतो. लांबेल, पण प्रश्नच तसा आहे.

आधी थोडी साफसफाई. "काळ्यांची संस्कृती" अशी एक कुठली नव्हती, नाईलकाठचा कुशचा राजा आणि नायजर नदीकाठचा कोळी यांना आपण दोघं एकच आहोत असं स्वप्नातही वाटलं नसतं. आणि गुलामगिरीचा काळ म्हणजे साधारण १४४१ पासून, जेव्हा पोर्तुगीजांनी पश्चिम किनाऱ्यावरून माणसं पकडून न्यायला सुरुवात केली. पण त्याआधी गुलामगिरी नव्हतीच असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे, सहारातून आणि हिंदी महासागरातून माणसं विकली जात होतीच, काही आफ्रिकी राज्यं त्यावर श्रीमंतही झाली. फरक प्रमाणाचा आणि पद्धतीचा, अटलांटिक पार करायला सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजात कोंबली गेली. हे मान्य करून पुढे गेलं की बोलणं सोपं होतं.

इजिप्तवर मी भांडत बसत नाही. तिथले लोक किती काळे आणि किती गोरे यावर नेटवर रोज मारामाऱ्या चालतात, पण त्याची गरजच काय, इजिप्तच्या दक्षिणेला आजच्या सुदानमध्ये कुश होतं आणि त्याबद्दल वाद नाही. केर्मा नावाचं त्यांचं शहर इ.स.पू. २५०० च्या आसपासचं, तिथे कच्च्या विटांचं प्रचंड बांधकाम अजून १८ मीटर उंच उभं आहे. पुढे इजिप्तनं त्यांना जिंकलं, मग इ.स.पू. ८ व्या शतकात उलटं झालं, पिये नावाच्या कुशच्या राजानं इजिप्त जिंकलं आणि त्याचं घराणं इजिप्तचं २५ वं राजघराणं म्हणून गणलं जातं. पियेचा विजयस्तंभ जेबेल बर्कलला सापडला, त्यात शरण आलेल्या राजाच्या तबेल्यात गेल्यावर उपाशी घोडे बघून पिये कसा भडकला ते लिहिलंय, म्हणजे तुझ्या बाकीच्या गुन्ह्यांपेक्षा घोडे उपाशी ठेवलेस हे मला जास्त लागलं अशा भाषेत. मला हा माणूस आवडतो.

नंतर राजधानी मेरोएला गेली, तिथे लोखंडाच्या मळीचे टेकाडाएवढे ढीग आहेत, त्याच राज्यातल्या मुसव्वरातला पावसाचं पाणी साठवायचा तलाव सुमारे २५० मीटर व्यासाचा, आणि स्वतःची लिपी, २३ चिन्हांची. ती आपल्याला वाचता येते पण भाषा अजून पुरती कळत नाही, म्हणजे उच्चार करता येतो, अर्थ लागत नाही! राणीनं सैन्य पाठवून रोमशी लढाई केली इ.स.पू. २५ च्या सुमारास, आणि तिकडून लुटून आणलेलं ऑगस्टसच्या पुतळ्याचं ब्राँझचं डोकं मंदिराच्या पायऱ्यांखाली पुरलं, येणारा जाणारा प्रत्येकजण रोमच्या सम्राटाच्या डोक्यावर पाय देऊन आत जाणार. १९१० मध्ये ते तसंच सापडलं, डोळे एकदम शाबूत, कारण वाळूत नीट झाकलेलं होतं.

याच मेरोएची आणखी एक गोष्ट, जी पुढच्या सगळ्या कहाणीची किल्ली आहे. १८३४ मध्ये फेर्लिनी नावाच्या इटालियन डॉक्टरनं खजिन्यासाठी तिथल्या पिरॅमिडांची मोडतोड केली, त्यात अमानिशाखेतो राणीचे दागिने मिळाले, सोनं, मिनाकाम, फार नाजूक काम. युरोपात विकायला नेले तर लोकांचा विश्वासच बसेना की असं काम काळ्या आफ्रिकेतलं असू शकतं. दागिने हातात, सापडलेली जागा माहीत, तरी नाही! हे पुढे वारंवार होतं, आणि माझं म्हणणंच हे आहे की आफ्रिकेच्या बाबतीत वस्तू कमी पडल्या नाहीत, सापडलेली प्रत्येक वस्तू दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर चढवली गेली.

याचा सगळ्यात बेशरम नमुना ग्रेट झिम्बाब्वे, म्हणून त्यावर जरा थांबतो. आजच्या झिम्बाब्वे देशात साधारण ११ व्या ते १५ व्या शतकातलं हे दगडी शहर. मुख्य वेढ्याची बाहेरची भिंत सुमारे २५० मीटर लांब, काही ठिकाणी ११ मीटर उंच, बुडाशी माणूस आडवा झोपला तर दोन्हीकडे जागा उरेल इतकी जाड, आणि कुठेही चुना नाही, माती नाही. कोकणात गडगा रचतात तसं, फक्त इथे प्रत्येक दगड विटेसारखा सारखा घडवलेला आणि भिंत वर जाताना हळूहळू आत कललेली, त्यामुळे शेकडो वर्षं टिकली. तिथला ग्रॅनाईट दिवसा तापून रात्री गार होऊन पापुद्र्यांनी सुटतो, शिवाय आग लावून वर पाणी ओतलं की आणखी सुटतो, ते पापुद्रे घ्यायचे, ठोकून सारख्या मापाचे करायचे आणि थर लावत जायचं. भिंतीच्या माथ्याला नागमोडी नक्षीचा पट्टा, आत मातीची घरं, शिवाय सोपस्टोन या मऊ दगडाचे कोरलेले पक्षी, ज्यातला एक आज त्या देशाच्या झेंड्यावर आहे.

१८७१ मध्ये कार्ल माऊख नावाचा जर्मन तिथे पोचला. दाराच्या लाकडाचा तुकडा काढला, वास घेतला, आपल्या पेन्सिलीसारखा वास आला, म्हणजे हे देवदार, म्हणजे लेबनॉनमधून आलेलं, म्हणजे शेबाच्या राणीनं बांधलं. लाकूड स्थानिकच झाडाचं होतं! पण तेवढ्या वासावर पुढची शंभर वर्षं फिनिशियन, अरब, ज्यू, कोणाकोणाला श्रेय दिलं गेलं. हा मुलूख बळकावणाऱ्या सेसिल ऱ्होड्स या इंग्रजाच्या कंपनीला ही कहाणी सोयीची होती, कारण इथे आधी बाहेरचे "सुसंस्कृत" लोक होते असं ठरलं की आपण परत आलो असं म्हणता येतं. १९०२ मध्ये रिचर्ड हॉल नावाच्या पत्रकाराला देखरेखीला नेमलं, त्यानं आतली कित्येक फूट माती उपसून फेकून दिली, कारण त्याच्या मते तो नंतर आलेल्या काफिरांचा (गोरे तिथल्या काळ्यांना हे म्हणायचे) कचरा होता आणि खाली खरे बांधणारे सापडणार होते. तो कचरा म्हणजेच तिथले रहिवासी, त्यांची खापरं, त्यांच्या जमिनी, त्यांच्या चुली. आमच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही, कारण थर एकदा उपसला की परत लावता येत नाही.

मग खरं कसं कळलं? १९०५ मध्ये रँडल-मॅकायव्हर या पुरातत्त्वज्ञानं नीट खणून सांगितलं की काम आफ्रिकी लोकांचंच आणि मध्ययुगातलं. गोऱ्या वसाहतवाल्यांना राग आला, तेव्हा १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन या दुसऱ्या पुरातत्त्वज्ञ बाईंना पाठवलं. तिनं डोकं लावलं, हॉलनं न विस्कटलेली जागा शोधली आणि भिंतीच्या खाली खणलं. भिंतीखालच्या थरात जे पुरलंय ते भिंतीच्या आधीचं, साधा हिशोब. तिथेही स्थानिक खापरं, वरच्या थरातही तीच, आजूबाजूच्या गावात अजून वापरतात तशाच घडणीची. फिनिशियन वगैरे कोणी मधे नाहीच. पुढे रेडिओकार्बननं (लाकूड-कोळशाचं वय काढायची पद्धत) पण हेच दाखवलं, तरी १९६० च्या दशकात ऱ्होडेशियाचं (झिम्बाब्वे देशाचं तेव्हाचं नाव) गोरं सरकार गाईडबुकात ठामपणे तसं लिहू देत नव्हतं, पीटर गार्लेक नावाच्या पुरातत्त्वज्ञाला १९७० मध्ये नोकरी आणि देश सोडावा लागला. १९८० ला स्वातंत्र्य मिळाल्यावर देशानं नावच या भिंतींवरून घेतलं.

तिथे काय काय सापडलं बघा: हिरव्या झिलईच्या चिनी सेलाडॉन भांड्यांचे तुकडे, इराणी वाडगा, टांझानियाच्या किनाऱ्यावरच्या किल्व्याच्या सुलतानाचं नाणं, आणि ढिगानं काचेचे मणी. सोनं आणि हस्तिदंत समुद्राकडे जायचं, त्या बदल्यात मणी आणि कापड आत यायचं. आणि इथे आपला धागा खरोखर जोडला जातो, कारण पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या उत्खननांत मिळालेल्या बऱ्याच काचमण्यांची रासायनिक घडण आपल्या रायगड जिल्ह्यातल्या चौलला मिळालेल्या मण्यांशी जुळते. काचेत कुठली वाळू आणि कुठला क्षार वापरला त्याची खूण राहते, युरेनियम, बेरियम असल्या किंचित किंचित प्रमाणातल्या मूलद्रव्यांची, ती पुसता येत नाही. रेवदंड्याला फिरायला जाणाऱ्या किती जणांना माहीत असतं की बाजूच्या चौलच्या मण्यांसारखे मणी केनियातल्या पोरींच्या गळ्यात होते!

ग्रेट झिम्बाब्वेच्या भरभराटीच्या थोडं आधी, १३ व्या शतकात, दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर टोकाला मापुंगुब्वे होतं, टेकडीवर राजाचं दफन आणि त्यात सोन्याचा गेंडा. लाकडावर सोन्याचा पत्रा, बारीक बारीक सोन्याच्याच चुकांनी ठोकलेला. १९३२ मध्ये सापडला आणि वर्णभेदाच्या काळात त्याची फार वाच्यता झाली नाही, कारण उघड आहे, गोरे आले तेव्हा ही जमीन रिकामी होती असं पोरांना शिकवायचं होतं.

आता माझ्या आवडीचा विषय, ओतकाम. नायजेरियातल्या इग्बो-उक्वूला १९३८ च्या सुमारास एकजण घराजवळ पाण्याची टाकी खणत होता, त्याला ब्राँझची भांडी लागली. पुढे १९५९ मध्ये शास्त्रीय उत्खनन झालं, तारीख निघाली ९ वं शतक, आणि परत तेच, एवढ्या लवकरची तारीख कशी असेल म्हणून अनेकांनी मानायला नकार दिला. मी लोकांना दाखवायला नेहमी त्यातली दोन-तीन कामं निवडतो. एक शंख आहे, ब्राँझचा, वर बिबट्या उभा, आणि अंगभर बारीक नक्षीत माश्या, किडे, नाकतोडे. एक भांडं आहे ज्याच्याभोवती दोरखंडाची जाळी विणलेली दिसते, तीही ब्राँझची. सगळं मेणाच्या पद्धतीनं, म्हणजे आधी मेणात तंतोतंत आकार, त्यावर मातीचे थर, मग भाजून मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. पण खरी गंमत पुढे आहे: जिथे आपला तांबट पत्रा ठोकून भांडं घडवेल, डाग देईल, रिव्हेट मारेल किंवा तार ओढेल तिथे हे लोक ते काहीच करत नाहीत, एक भाग ओतला, मग दुसरा त्याच्यावरच ओतून जोडला. बाहेरून कोणी शिकवलं असतं तर या सोप्या युक्त्या आधी शिकवल्या असत्या. त्या नाहीत याचाच अर्थ की डोकं तिथलंच चाललंय. नंतर धातूचं रसायन तपासल्यावर तांबं आणि शिसं पण त्याच भागातलं निघालं. आणि त्याच खड्ड्यांत दीड लाखाहून जास्त मणी, म्हणजे समुद्रापासून आत, जंगलाच्या पट्ट्यात बसून हे लोक दूरच्या व्यापाराशी जोडलेले.

त्यानंतरचं इफे, १२ ते १५ वं शतक, तेही नायजेरियात. माणसांचे चेहरे इतके शांत आणि हुबेहूब की १९१० मध्ये फ्रोबेनियस नावाचा जर्मन बघून म्हणाला ही हरवलेल्या अटलांटिसच्या ग्रीकांची वसाहत असणार! मला सौंदर्याबद्दल बोलता येत नाही पण धातूबद्दल येतं. यातली काही मुखं जवळजवळ शुद्ध तांब्याची आहेत. तांब्यात कथील घातलं की ते कमी तापमानाला वितळतं आणि साच्यात छान पळतं. शुद्ध तांब्याला १०८५ अंश लागतात, ते घट्टसर, कोपऱ्यात शिरत नाही आणि वितळलेलं असताना हवा पिऊन बसतं, थंड होताना ती बुडबुडे होऊन बाहेर येते आणि काम भोकाभोकाचं होतं. आजही फाउंड्रीवाल्याला शुद्ध तांब्यात पातळ पोकळ चेहरा ओतून दे म्हणा, आधी भाव दुप्पट सांगेल. इफेच्या कारागिरांनी ते अखंड काढलंय. नायजेरियातल्याच जुन्या बेनिन राज्याचे पितळी पट प्रसिद्ध आहेत, १८९७ च्या इंग्रजांच्या लुटीमुळे जास्तच, पण त्यातले बरेचसे पोर्तुगीज आल्यानंतरचे, म्हणून तुमच्या प्रश्नात मी ते ओढत नाही.

लोखंडाचं थोडक्यात. सहाराच्या खालच्या बहुतेक भागात ब्राँझयुग आलंच नाही, दगडावरून थेट लोखंड. नायजेरियातल्या नोक लोकांच्या भट्ट्या, बुर्किना फासोमधलं दौरूला इ.स.पू. ८ व्या शतकाइतकं जुनं, २०१९ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. हे तंत्र तिथेच शोधलं की उत्तरेकडून आलं यावर आमच्यात अजून वाद आहे आणि माझं मत कोणत्याच बाजूला झुकत नाही. पण पुढे त्यांनी जे केलं त्यावर वाद नाही, पश्चिम आफ्रिकेत अशा उंच मातीच्या भट्ट्या केल्या की भाता लागतच नाही, खाली मातीच्या नळ्या, वर धुराड्यासारखी उंची, हवा आपोआप ओढली जाते. काही भागांत भट्टीला स्तन घडवायचे, कारण लोखंड निघणं म्हणजे बाळंतपण असं मानायचे, आणि भट्टी चालू असेपर्यंत लोहार बायकोपासून लांब राहायचा. (नोकचं एक मातीचं शिर तर कोणीतरी सुरणासारख्या कंदाच्या शेतात बुजगावणं म्हणून लावलं होतं, तिथून ते म्युझियममध्ये पोचलं.)

इथिओपियाचं अक्सुम आपल्याला जवळचं वाटायला हवं. लाल समुद्रावरचं अदुलिस हे त्यांचं बंदर, पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या नोंदींत तिथे भारतातून लोखंड, पोलाद आणि सुती कापड येतं असं लिहिलंय, त्याच नोंदींत आपलं सोपारा आणि कल्याण पण आहे. तिथल्या देब्रे दामो मठात कुशाण राजांची शंभराहून जास्त सोन्याची नाणी सापडली. आणि अक्सुमची स्वतःची नाणी! सोनं, चांदी, ब्राँझ तिन्ही, आणि ब्राँझच्या साध्या नाण्यावर राजाच्या डोक्याभोवती किंवा मुकुटावर सोन्याचा इवलासा मुलामा, जगात दुसरीकडे हा थाट मी बघितलेला नाही. ४ थ्या शतकात एझाना राजा ख्रिस्ती झाला तर नाण्यावरची चंद्रकोर जाऊन क्रॉस आला, म्हणजे धर्मांतराची तारीख खिशातल्या सुट्ट्या पैशांत वाचता येते. त्यांची गीझ लिपी, प्रत्येक व्यंजनाची स्वरानुसार सात रूपं, आजही वापरात. एका दगडाचे स्तंभ उभे केले, सगळ्यात मोठा ३३ मीटरचा, तो बहुधा उभा करतानाच कोसळला, एवढा हव्यास. पुढे लालिबेलाला ११ देवळं, म्हणजे चर्च, कातळात वरून खाली कोरलेली, वेरूळच्या कैलासाचं तंत्र डोळ्यासमोर आणा, फक्त तिथून चारेक शतकं नंतर. आपला मलिक अंबर याच मुलखातून गुलाम म्हणून विकला जात दख्खनला आला. त्याला "हबशी गुलाम" म्हणून सोडून देताना हे लक्षात ठेवा की तो आला त्या भूमीत त्याच्या हजार-बाराशे वर्षं आधी टांकसाळ चालत होती.

पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचा राजा मन्सा मुसा तुम्हाला माहीत असेलच, १३२४ मध्ये हजला जाताना कैरोत एवढं सोनं वाटलं की सोन्याचा भाव पडला, आणि बारा वर्षांनंतरही तो सावरला नव्हता असं त्या काळचा अरब लेखक अल-उमरी लिहितो. एवढं पुरे. "इतिहासातला सगळ्यात श्रीमंत माणूस, अमुक अब्ज डॉलर" हे फॉरवर्ड बंद करा, त्या काळच्या सोन्याच्या खाणींचं डॉलरमध्ये रूपांतर कोणीही करू शकत नाही. तसंच कोलंबसच्या आधी आफ्रिकी लोक मेक्सिकोत जाऊन दगडी डोकी कोरून आले वगैरे, तेही बंद करा. खरं एवढं असताना खोटं कशाला जोडायचं, एक खोटं पकडलं की लोक खऱ्यावर पण शंका घेतात. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता मात्र वाचा, आपल्या दौलताबादेत येऊन गेलेला हाच माणूस १३३१ मध्ये किल्व्याला आणि १३५२ मध्ये मालीत होता, किल्व्याला सुंदर शहर म्हणतो, मालीत प्रवासी चोरांना न भिता फिरतो म्हणतो आणि बायकांच्या कपड्यांवरून कुरकुरही करतो.

मला स्वतःला मुसापेक्षा जेन्ने-जेनो जास्त महत्त्वाचं वाटतं. नायजरच्या काठी, इ.स.पू. २५० च्या आसपास वसलेलं, ८ व्या-९ व्या शतकात भरभराटीला आलेलं शहर, भोवती दोनेक किलोमीटरचा कोट. १९७७ मध्ये खणलं तोपर्यंत सगळे म्हणायचे की पश्चिम आफ्रिकेत शहरं अरब व्यापाऱ्यांमुळे झाली. इथे अरबांच्या हजारेक वर्षं आधी वस्ती आहे, लोखंड आहे, आफ्रिकेतच लागवडीत आलेला आफ्रिकी तांदूळ आहे. आणि राजवाडा नाही, किल्ला नाही, मोठी थडगी नाहीत. लोहार एकीकडे, कोळी एकीकडे, शेतकरी एकीकडे अशा जवळजवळच्या वाड्या, प्रत्येकाचं दुसऱ्यावाचून अडतं आणि त्यातूनच शहर चालतं. आपण यश म्हणजे सिंहासन शोधत बसतो म्हणून असलं काही आपल्या नजरेत भरत नाही.

आणि सगळ्यात मोठं यश तर तुम्ही खाता. ज्वारी, बाजरी, नाचणी, तिन्ही आफ्रिकेत लागवडीत आली. सुदानच्या पूर्व भागात इ.स.पू. ३००० च्या आधीची खापरं आहेत, माती मळताना कुंभारानं ज्वारीचा कोंडा मिसळला होता, तो जळून गेला पण ठसे राहिले. रानटी ज्वारीचा दाणा पिकला की आपोआप गळतो, देठाशी गुळगुळीत खूण राहते, लागवडीच्या ज्वारीला मळावं लागतं, तिथे फाटल्याची खूण दिसते. त्या खापरांत दोन्ही प्रकारच्या खुणा आहेत, म्हणजे बदल चालू असतानाच पकडला गेलाय. बाजरी मालीच्या उत्तर भागात, नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगरात. साधारण चार हजार वर्षांपूर्वी ही धान्यं इकडे यायला लागली. सोलापूरची ज्वारीची भाकरी आणि कोकणातली नाचणीची आंबील त्या बिननावाच्या बायाबाप्यांनी निवडून निवडून ठेवलेल्या बियाण्यावर चाललीय.

मग हे सगळं गेलं कुठं असं तुम्ही विचाराल. एकाच कारणानं गेलं नाही. अक्सुमचा लाल समुद्रातला व्यापार दुसऱ्यांच्या हातात गेला, ग्रेट झिम्बाब्वे पोर्तुगीज यायच्या आधीच ओस पडत चाललं होतं, जेन्ने-जेनो १४०० पर्यंत सुटलं. मालीनंतर नायजरकाठी मोठं झालेलं सोंघाई राज्य मात्र बंदुकीनं मेलं, १५९१ मध्ये मोरोक्कोच्या सैन्यानं तोंदिबीला हरवलं आणि तिंबुक्तू या त्यांच्या विद्येच्या शहरातले विद्वान पकडून माराकेशला नेले. त्यातला एक अहमद बाबा, माझी १६०० पुस्तकं गेली आणि आमच्या घराण्यात माझाच संग्रह सगळ्यात लहान होता असं त्यानं म्हटल्याची नोंद आहे. १६०८ मध्ये तो परत तिंबुक्तूला आला. १६१५ च्या सुमारास तुवात नावाच्या वाळवंटी गावातल्या लोकांनी त्याला विचारलं की दक्षिणेकडून जे काळे लोक विकायला आणतात ते घेणं योग्य का. त्यानं लांबलचक लेखी उत्तर दिलं: गुलाम करण्याचं कारण कातडीचा रंग होऊच शकत नाही, धर्म बघा, अमुक अमुक देशांचे लोक आपखुशीनं मुसलमान झालेले आहेत, त्यांना विकणं हराम, आणि त्या लोकांची यादीच दिली. गुलामगिरी सरसकट चूक असं तो म्हणत नाही, यादीबाहेरच्यांना त्यानं वाचवलं नाही. पण अटलांटिकवर जहाजं भरत असताना, रंगावरून गुलाम ठरवता येत नाही हे एका आफ्रिकी माणसानं कायद्याच्या भाषेत लिहून ठेवलेलं आहे, आणि त्याच्या हस्तलिखित प्रती आजही आहेत.